ओसरीवरचा अर्धा फळा

आमच्या ओसरीच्या भिंतीवर एक फळा आहे. लाकडाचा नाही. भिंतीचाच चार हात लांब आणि दीड हात उंच तुकडा काळ्या रंगाने रंगवलेला. पुतण्या लहान होता तेव्हा माझ्या दिराने तो रंगवला, पोराचा अभ्यास व्हावा म्हणून. अभ्यास काही झाला नाही. आता पुतण्या फळ्याच्या वरच्या कडेला आठवड्याचं लाइटचं वेळापत्रक लिहितो, केळीच्या मोटारीला कोणत्या वारी किती वाजता वीज आहे ते. त्याच्याखालची सगळी जागा माझी आणि माझ्या धाकट्या जावेची. चार वर्षं आम्ही दोघी त्या जागेवरच बोललो. तोंडाने बोललो नाही.

आमचं गाव यावलजवळ. घर एकच, पण आत त्याचे दोन भाग झालेले. रस्त्यावरून बघितलं तर डावीकडच्या दोन खोल्या माझ्या, उजवीकडच्या तिच्या. माझा नवरा गेला, तिचाही गेला. माझी दोन्ही पोरं पुण्याला नोकरीला, त्यामुळे माझ्या बाजूला मी एकटी. तिच्या बाजूला ती, तिचा मुलगा म्हणजे माझा पुतण्या, आणि त्याची बायको. ओसरी, नळ आणि फळा एवढं सामाईक राहिलं होतं. परसदारही सामाईक होतं, पण पुतण्याला तिथे न्हाणीघर बांधायचं होतं, आणि त्यासाठी मधोमध भिंत घालायची होती. मी म्हटलं, भिंत घातली की माझ्या चुलीपुढचा उजेड जाईल. जाऊ म्हणाली, वाटणी झाली म्हणजे झाली. त्यावर मी तिला म्हटलं, तू या घरात आलीस त्या दिवसापासूनच घराचे तुकडे व्हायला लागले. हे मी म्हणायला नको होतं. पण म्हटलं.

ती दोंडाईच्याकडची, अहिराणी बोलणारी. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "आजपाईन तुन्हासंगे बोलनू ते माले मना पोरनी आन शे."

मी कशाला मागे राहू? मी म्हटलं, "मी बोलली तं माह्या दोन्ही पोराईची आण."

पोरांची आण घेतल्यावर विषय संपला. आमच्याकडे आण म्हणजे चेष्टा नाही. पुतण्याने भिंत बांधली. माझा उजेड गेला. आम्ही दोघींनी तोंडं शिवून घेतली.

एका ओसरीवर राहून न बोलणं अवघड असतं, पण जमतं. नळ वाहत असला की ती खांबाकडे बघून म्हणायची, "कोन्हीतरी नय बंद करा, पानी वाही ऱ्हायनं." मी त्याच खांबाला सांगायची, "ज्याले दिसते त्यानंच बंद करावं." खांबाने सगळं ऐकून घेतलं. मी ओसरीवर आले की ती तोंड दुसरीकडे फिरवायची. अगदी रोज, न चुकता. मीही फिरवायची, पण तिच्याइतकं पटकन मला जमत नसे. तिची मान झटक्यात वळायची.

आता शब्दांचं सांगते. मी चौथीपर्यंत शिकले. आमच्या शाळेत एक गुरुजी होते. ते शनिवारी फळ्यावर एक मोठा शब्द लिहायचे आणि त्यातल्या अक्षरांतून लहान शब्द काढायला सांगायचे. नियम एकच होता, अक्षर मोडायचं नाही. त्याला काना असेल तर कान्यासकट घ्यायचं, वेलांटी असेल तर वेलांटीसकट, आणि शब्दात जेवढी अक्षरं आहेत तेवढीच वापरायची. जो जास्त शब्द काढेल तो आधी घरी जाईल. मी नेहमी आधी घरी जायची आणि भांडी घासायला बसायची. तरी आधी जायला आवडायचं. लग्न होऊन इथे आले. काही वर्षांनी ही धाकटी आली, तीही चौथीच शिकलेली. दुपारी शेंगा फोडताना मी तिला हा खेळ शिकवला आणि वर्षभरात ती माझ्या पुढे गेली. हे मी तिच्या तोंडावर कधी कबूल केलं नाही.

एक गोष्ट सांगायला हवी. शब्दात म आणि र आले की ती सगळ्यात आधी मर काढायची आणि माझ्याकडे बघायची. मी म्हणायची, "तू मर आधी." आमच्याकडे बायका रागानेही मर म्हणतात आणि लाडानेही. हे चाळीस वर्षं चाललं. मर असलेला शब्द तिने सोडला असं कधी झालं नाही. एखादीला चहाबरोबर खारी लागते, तसं तिला ते लागायचं.

अबोल्यानंतर दोनेक महिने झाले असतील. एका सकाळी मी ओसरी झाडत होते. पुतण्याने वर मंगळवारच्या लाइटची वेळ लिहिली होती. त्याच्या खाली खडूने बारीक अक्षरात मंगळवारातून काढलेले शब्द दिसले: वार, गळ, गर. अक्षर तिचं. तिने कोणासाठी लिहिलं होतं कुणास ठाऊक. बहुतेक स्वतःसाठीच. मी खडू घेतला आणि खाली लिहिलं: वाळ. तिच्याकडून सुटला होता. दुसऱ्या दिवशी फळा पुसलेला होता आणि त्यावर एक नवा मोठा शब्द होता.

तेव्हापासून एक दिवस शब्द माझा, एक दिवस तिचा. ज्या दिवशी माझा, त्या दिवशी मी सकाळी पूर्ण फळ्याभर पसरून मोठ्या अक्षरांत शब्द लिहायची आणि दुपारपर्यंत ती खाली तिचे शब्द लिहायची. दुसऱ्या दिवशी उलट. आण बोलण्याची होती, लिहिण्याची नव्हती. घरातल्यांना वाटायचं, म्हाताऱ्या काहीतरी खरडतात.

मागच्या उन्हाळ्याच्या आधी, केळीची कापणी चालू होती त्या दिवसांत हे बिघडायला लागलं.

मी शब्द दिला होता बाजारपेठ. सोपा शब्द. बाजार, पेठ, बार, पेर, जार, एवढं तर शेंबडं पोरही काढेल. तिने दोनच लिहिले: पेठ, पेर. तेही फळ्याच्या उजव्या अर्ध्या भागात. डावा भाग कोरा. मला वाटलं, कापणीची माणसं जेवायला आहेत, तिला वेळ नसेल.

दुसऱ्या दिवशी तिचा शब्द होता नारळपाणी. तो तिने फळ्याच्या मधून सुरू केला होता. पुढे जागा पुरली नाही, म्हणून शेवटचा णी भिंतीच्या कडेला चिरडून बसवला होता. डावीकडे हातभर जागा मोकळी. मी तिथे उभी राहिले आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली. डावीकडची खोल्यांची बाजू माझी, उजवीकडची तिची. आता ही फळ्याची पण वाटणी करते. म्हणते, डावा भाग तुझा, उजवा माझा, माझ्या भागात तू यायचं नाही आणि तुझ्या भागात मी येणार नाही. परसात भिंत घातली, आता फळ्यावर घालते.

दुसऱ्या कोणाच्या घरात हे कोणाच्या डोक्यात आलं नसतं. आमच्या घरात आलं. ज्यांची वाटणी झाली आहे, त्यांना कुठेही कोरी जागा दिसली की वाटणीच दिसते.

तिसऱ्या दिवशी मी शब्द दिला जळगावकर. मुद्दाम लांब दिला, पार डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत, बघू आता कशी अर्धी सोडते. तिने लिहिलं: गाव, गार, वर, कर. उजव्या बाजूला, एकाखाली एक. गाजर नाही, जळ नाही, गाळ नाही, कळ नाही. शब्दाच्या पहिल्या दोन अक्षरांना तिने हातच लावला नव्हता. माझ्या बाजूची अक्षरं ती घेत नाही, असाच मी अर्थ लावला. माझ्या अक्षरांचाही विटाळ!

त्याच आठवड्यात तिची सून नळावर भांडी घासताना माझ्याशी बोलली. तिचा आणि माझा अबोला नाही. म्हणाली, "मोठ्या आई, सासूबाईचं पित्त वाढलं वाटते. ठेचा खातच नही. ताटात तसाच राहते. भाकरपण अर्धीच खाते."

"अर्धी म्हंजे?"

"अर्धी. चंद्रकोरीसारखी राहते ताटात."

मी म्हटलं, "खात नशीन तं कमी वाढत जाय." आणि भांडं विसळून आत आले. ठेचा ताटात डावीकडे वाढतात, हे मला तेव्हा सुचलं नाही. साठ वर्षं मी ताटं वाढली, पण ते सुचलं नाही. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर ठेच्याचा गोळा तिला कमी पडायचा, आणि आता ती ठेचा सोडते म्हणजे तोंड वाकडं करून बसली आहे, असंच मला वाटलं.

पाचव्या दिवशी मी तिला चिडवायला शब्द दिला कारभारीण. तिला घरात कारभार करायला आवडतो, म्हणून. तिने एकच शब्द काढला: भारी. कारण, भार, रण, कार, काहीच नाही. माझा पारा चढला. मी फडका ओला करून सगळं पुसलं आणि खडू घेऊन फळ्याच्या मधोमध वरपासून खालपर्यंत एक उभी रेघ ओढली. म्हटलं, घे वाटणी. तुला हवी होती ना, मी करून देते.

ती दुपारी आली. मी खिडकीतून बघत होते. रेघ बघून ती काहीतरी करेल, पुसेल, निदान खांबाला चार शब्द सुनावेल, असं मला वाटलं होतं. तिने रेघेकडे पाहिलंसुद्धा नाही. घरात जाताना तिचा डावा खांदा दाराच्या चौकटीला आपटला. ती "आई वं" म्हणाली, खांदा चोळला आणि आत गेली. मला तेव्हा बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

सहाव्या दिवशी पाळी तिची होती. तिने शब्द दिला नाही. सातव्या दिवशी मीही दिला नाही, म्हटलं बसू दे. आठव्या दिवशी तिने भाकर एवढंच लिहिलं, उजव्या कोपऱ्यात, रेघेच्या पलीकडे. तीन अक्षरांचा शब्द ती कधी देत नसे. तो बघून मला काहीतरी खटकलं. पण मी त्याला राग म्हटलं आणि आत गेले. माझी सवयच तशी आहे. काही खटकलं की मी आधी त्याला राग म्हणते.

नवव्या दिवशी मी रेघ तशीच ठेवून तिच्यावरून आडवा शब्द लिहिला: मसालेदार. हा शब्द आमच्याकडे जुना. शेंगा फोडतानाही अनेकदा झालेला. त्यात मसाले, दार, सार, रसा, मदार, दाम आहेत, आणि आमच्याकडचं मले, म्हणजे मला, आहे, त्यावर ती नाक मुरडायची, कारण ती माले म्हणते. आणि त्यात म आहे आणि र आहे. मुद्दाम तोच दिला. मला तिच्याकडून मर हवं होतं. नऊ दिवस झाले होते तिचं काही ऐकून. शिवी तर शिवी.

दुपारी तिने लिहिलं: दार.

बस, एवढंच. मी फळ्यासमोर उभी राहिले. उन्हं ओसरीवर आली होती. मी पुन्हा पुन्हा वाचलं. रसा नाही. जिने जन्मभर शेवभाजीच्या रश्शात भाकर कुस्करून खाल्ली, तिला रसा सुचला नाही. पण ते एक वेळ सोडून देईन. तिने मर सोडलं. माझ्याशी भांडण चालू असताना, मी मधे रेघ ओढलेली असताना, मला मर म्हणायची आयती संधी तिने सोडली. हे तिने मुद्दाम करणं शक्य नव्हतं. ती रागात असती तर पहिलं तेच लिहिलं असतं, आणि हातभर मोठं.

म, सा. डावीकडची अक्षरं. बा, जा. ज, ळ. का, र. सगळी डावीकडची. ठेचा डावीकडे. खांदा डावा. मी खांब धरला.

सुनेला हाक मारली. म्हटलं, "तुह्या सासूले डाव्या बाजूचं दिसत नही."

ती हसली. "मोठ्या आई, काल तं सुईत दोरा घातला त्याईनं. फळ्यावरून कुठी आजार कळते का?"

पुतण्या शेतात होता. त्याला फोन लावला. तो म्हणाला, "पित्त आहे तिले. परवाच डॉक्टरनं गोळ्या देल्या. तुम्ही दोघी त्या फळ्यापायी येड्या व्हाल एक दिवस."

दोघांनीही मला उडवून लावलं. आता एकच उपाय होता, तिला विचारणं. आणि तिला विचारायचं तर बोलावं लागणार. बोललं की माझ्या पोरांची आण मोडणार. मी आत जाऊन खाटेवर बसले. माणूस शिकलेलं असो नसो, पोरांच्या बाबतीत भीती सारखीच. थोरला रोज गाडीवर कामाला जातो. धाकट्याला दम्याचा त्रास. मी दोघांना फोन केला. थोरला म्हणाला, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, बरा आहेस ना?" धाकट्यालाही तेच विचारलं. दोघं बरे होते. म्हणून काय पुढेही बरे राहतील? मी घड्याळाकडे बघत बसले. अर्धा तास वाया घालवला. तो अर्धा तास मला अजून टोचतो, आधीच्या नऊ दिवसांपेक्षा जास्त, कारण त्या अर्ध्या तासात मला सगळं माहीत होतं.

शेवटी मी ठरवलं की आधी एकदा खात्री करायची. ती ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती, भिंतीला पाठ लावून. मी तिच्या डाव्या बाजूने गेले. पाय वाजवत गेले. तिच्यापासून एका हातावर जाऊन उभी राहिले.

तिने मान फिरवली नाही.

चार वर्षं मी ओसरीवर पाऊल टाकलं की तिची मान वळायची. त्या दिवशी ती तशीच बसून राहिली, समोर बघत, ताटातल्या उजव्या बाजूचे तांदूळ निवडत. डाव्या बाजूचे खडे तसेच होते. मी तिथे उभी आहे हे तिला माहीतच नव्हतं. पाय ऐकू आले असतील तर सुनेचे वाटले असतील.

मी म्हटलं, "ए धाकटे."

ती दचकली. उजवीकडे बघितलं. मग समोर. मग खूप उशिराने मान वळवून माझ्याकडे. "अक्का? तू बोलनी?"

"बोलली. उठ. दवाखान्यात जायचं."

"कसाले?"

"तुले डाव्या अंगाचं दिसत नही."

तिचा चेहरा रागाने लाल झाला. मला बरं वाटलं, निदान राग तरी शाबूत होता. "चार वरीस तोंड शिवीसन बसनी व्हती, आनि आते बोलनी ते माले आंधयी म्हनाकरता? मना डोया बठ्ठा बरा शेतस!"

"तं माह्या हातात किती बोटं, सांग." मी डावा हात तिच्या डाव्या बाजूला धरला.

"कोठे हात?"

सून दारात उभी होती. तिने तोंडावर पदर घेतला. पुतण्याला दुसरा फोन तिने केला, आणि या वेळी तो दहा मिनिटांत गाडी घेऊन आला.

जळगावला जाताना गाडीत ती मधे बसली होती, मी तिच्या उजव्या बाजूला. मी मुद्दाम उजवीकडे बसले. ती हळूच म्हणाली, "अक्का, तू तुन्ह्या पोरेस्नी आन घेयेल व्हती."

"फोन केला दोघाईले. बरे हायेत."

"आते बरा शेतस. उद्या?"

"उद्याचं उद्या पाहू. तू मान सरळ ठेव."

"मना पोऱ्या समोर गाडी चालाडी ऱ्हायना. मी बी बोलनू. त्यानी बी आन मोडनी."

पुतण्या पुढून म्हणाला, "माय, मी हाये ना इथी. काही नही व्हत मले." मग नशिराबादच्या आसपास ट्रकमागे गाडी अडकली, तेव्हा मी त्याच्या दोन्ही हातांकडे बघत राहिले. स्टिअरिंग नीट धरलंय ना, एवढंच. आण मोडली की कुठून काय येईल सांगता येत नाही.

दवाखान्यात डोक्याचा फोटो काढला. तरुण डॉक्टर होता. म्हणाला, मेंदूच्या उजव्या बाजूला रक्ताची बारीक गाठ अडकली आहे. डोळे चांगले आहेत, पण मेंदू डावी बाजू लक्षातच घेत नाही. पेशंटला स्वतःला ते कळत नाही. मग त्याने विचारलं, "हे केव्हापासून आहे?"

पुतण्या म्हणाला, "आजच कळलं."

सून म्हणाली, "चार-पाच दिवस झाले असतील, जेवत नव्हत्या."

मी म्हटलं, "नऊ दिवस. पहिल्या दिवशी बाजारपेठ होता."

डॉक्टरला काही कळलं नाही. मी त्याला फळ्याचं सांगितलं, कोणत्या दिवशी कोणता शब्द, तिने कोणती अक्षरं घेतली आणि कोणती सोडली. तो लिहून घेत होता. सांगून झाल्यावर मी विचारलं, "पहिल्याच दिवशी आणलं असतं तर?"

तो कागदाकडे बघत म्हणाला, "या आजारात पहिले काही तास महत्त्वाचे असतात, आजी."

"म्हणजे बरी झाली असती."

"तसं नक्की सांगता येत नाही. पण अजून चार दिवस गेले असते तर मोठा झटका आला असता. तेवढं टळलं असं समजा."

तो सांत्वन करत होता हे मला कळलं. त्याचा उपयोग झाला नाही. दुसऱ्याच दिवशी मी फळ्यासमोर उभी होते, आणि मला वाटणी दिसली. आण नसती तर मी तिला लगेच विचारलं असतं, "काय वं, डोळे फुटले का?" आणि ती म्हणाली असती, "तुन्हा फुटनात." आणि मग कदाचित त्याच दिवशी कळलं असतं. मी हे घरात कोणाला बोलून दाखवलेलं नाही. इथे लिहिते.

पाच दिवसांनी तिला घरी आणलं. डॉक्टरने सांगितलं होतं, सगळ्या वस्तू डावीकडे ठेवा, तिच्याशी डावीकडून बोला, म्हणजे मेंदूला त्या बाजूला बघायची सवय लागेल. वाचायला दिलं तर पानाच्या डाव्या कडेला लाल रेघ ओढा, आणि ती रेघ दिसेपर्यंत मान वळवायला सांगा. सुनेने तिची खाट फिरवली, दार तिच्या डाव्या हाताला येईल अशी. ठेचा मात्र काही दिवस बंद, रक्तदाबामुळे मीठ कमी. त्यावरून तिने सगळं घर डोक्यावर घेतलं.

मी फळ्याच्या मधली माझी रेघ पुसली. पुसताना खडू नीट जात नव्हता, तीन वेळा पाणी घ्यावं लागलं. मग पार डाव्या टोकाला लाल खडूने एक जाड रेघ ओढली. मान वळवायला लावून तिला दाखवली, तेव्हा ती म्हणाली, "आते आठे बी भिंत घाली का?"

"भिंत नव्हे. ती दिसली की थांबायचं. तिच्याआधी नही."

"आनि परसमानी भिंत?"

"तिचं मग बघू. तिच्यावरून मी अजून तुह्याशी भांडणार हाये."

"भांड. आते तोंड ते उघाडं शे तुन्हं."

आता आम्ही बोलतो. जास्त बोलत नाही, सवय गेली. फळा मात्र रोज आहे, आणि रोज मीच शब्द देते, कारण तिला शब्द काढणं जमतं, देणं अजून जमत नाही. सकाळी मी लिहिते आणि आत जाऊन भाकरी थापते, पण कान बाहेरच असतो. दवाखान्यातून आल्यापासून ती काठीने चालते, त्या काठीचा आवाज येतो. मग बराच वेळ काही नाही. त्या वेळात मी तव्यावरची भाकरी करपवलेली आहे. दुपारी बाहेर येऊन मी आधी शब्द मोजते, मग ते कुठे लिहिले आहेत ते बघते. पहिला आठवडा सगळे उजवीकडे. दुसऱ्या आठवड्यात एखादा मधे आला. एके दिवशी चार आले, दुसऱ्या दिवशी परत एक. एक आला की माझी दुपार जात नाही. मी तिच्याकडे बघत बसते, तोंड वाकडं तर नाही झालं, कप नीट धरते का. ती म्हणते, "काय पाही ऱ्हायनी? मी मरनू का?" मी म्हणते, "नही, अजून हायेस."

मी पोरांना रोज फोन करते. थोरला म्हणतो, आई, आधी महिन्यातून एकदा करायचीस. मी त्याला कारण सांगत नाही.

परवा मी पुन्हा मसालेदार लिहिला. लाल रेघेला चिकटून म काढला, शेवटचा र उजव्या टोकाला. लिहून आत गेले. काठी वाजली, थांबली. मी पीठ मळत होते, हात तसेच ठेवून उभी राहिले. खडूचा आवाज आला, एकदा. मग खूप वेळ नाही. मग काठी डावीकडे सरकल्यासारखी वाटली, आणि खडू पुन्हा वाजला. मी बाहेर जाऊन बघितलं नाही. ती आत गेल्यावर गेले.

उजवीकडे दार होतं. आणि पार डाव्या कडेला, लाल रेघेच्या अंगावर चढलेलं, वाकडंतिकडं, पण हातभर मोठं: मर.

मी तिच्या खोलीच्या दाराशी गेले आणि डाव्या बाजूने म्हटलं, "तू मर आधी."

तिने मान वळवली. या वेळी बरोबर माझ्या बाजूला, उशिरा, पण वळवली.

रसा मात्र तिला अजून सापडलेला नाही. काल तोच शब्द पुन्हा दिला, आजही तोच दिला आहे. हे लिहिते आहे तेव्हा दुपारचे दोन वाजले आहेत आणि बाहेर काठी वाजलेली नाही.